मेल्यापेक्षा मेला बरा

कारंजा (घाडगे)
पोळा झाल्यावरचा रविवार, २००७

आदरणीय श्रीनिवासराव,

हायवेवरच्या ट्रकांचे सारे भोंगे ओलांडून वर्धेला तुमच्या नालवाडीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने केलेला तानबाचा रामराम घ्यावा. पद्मावहिनींचा दमा आणि तुमचे गुडघे, दोघांचीही चौकशी करतो. (मराठीच्या मास्तरांचे गुडघे का दुखावेत हे मला कळत नाही, जन्मभर उभं तर तुम्ही पोरांना केलं. हे वहिनींना वाचून दाखवा.) इकडे सर्व क्षेम आहे. सुमित्राही बरी आहे. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्याने म्हणत लिहिलं, कारण तिची खाट या भिंतीच्या पलीकडे आहे आणि मला तोंडाने म्हटल्याशिवाय लिहिता येत नाही हे तुम्ही जाणताच. टायरच्या दुकानात बसून कथा लिहायचो तेव्हा ड्रायव्हर लोक परतीच्या खेपेला थांबून विचारायचे, "सेठ, फिर उस औरत का क्या हुआ?" निम्मा धंदा त्यावर वाढला. आता पुढचं मात्र पुटपुटत लिहितो.

तुमचं रागाचं पत्र मिळालं. तुम्ही काढत असलेल्या माझ्या कथांच्या पुस्तकासाठी मी पाठवलेल्या दुरुस्त्या पाहून तुम्ही विचारता की माझ्या साऱ्या जुन्या कथांत शेवटी सगळे चहा पीत का बसले आहेत. सांगतो. पण आधी तुमच्या बाजूची चूक पाहू, म्हणजे माझी लहान दिसेल. निवेदनात "मले, तुले, त्याले" बरं दिसत नाही, तिथे "ला" करा, असं तुम्ही वर्धेच्या त्या टायपिंगवाल्या बाईंना सांगितलं. बाई आज्ञाधारक. त्यांनी संगणकाला एकच हुकूम दिला आणि पुस्तकातला एकूण एक "ले" त्याने "ला" केला. तपासायला आलेल्या पानांवर लेकरू होतं त्याचं लाकरू झालं आहे, पाटील तालेवार होते ते तालावार झाले. पटकीच्या कथेत मी लिहिलं होतं, "त्या साली गावातले निम्मे लोक मेले." आता आहे, "गावातला निम्मे लोक मेला." आपल्याकडे मेला म्हटलं की हिंदीतला मेलाच आधी आठवतो, पाळणा, जिलेबी, पिपाण्या. मी हे सुमित्राला वाचून दाखवलं तर खाटेवर पडल्या पडल्या ती इतकी हसली की पाणी पाजावं लागलं. म्हणाली, "राहू द्या न जी तसंच. मेल्यापेक्षा मेला बरा." महिनाभरात ती पहिल्यांदा हसली, म्हणून त्या बाईंना रागावू नका.

आता चहाचं. आमची नात अंजू उन्हाळ्यात नागपूरहून आली होती, तिने जाताना टीव्हीवर एक जपानी कार्टून लावून ठेवलं. (हिंदीत बोलतं. एकच माणूस त्यात आजोबाचा, पोस्टमनचा आणि कुत्र्याचाही आवाज काढतो; हे घरात फक्त मला ओळखू आलं.) आम्हाला वाटलं मारामारी असेल. तर एक पोरगी, तिची मावशी, समुद्राकाठी चहाचं दुकान. एक अख्खा भाग मावशी फाटलेली छत्री शिवते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही म्हणून दोघी भात खातात आणि भात चांगला झाला असं म्हणतात. संपलं! मी चाळीस वर्षं कथा लिहितो, श्रीनिवासराव, मला धक्काच बसला. मी असतो तर छत्री शिवून होईपर्यंत मावशीला क्षयरोग लावला असता. सुमित्रा त्या मावशीला "आपली जिजाबाई" म्हणते, शेजारची जिजाबाई तशीच मान वाकडी करून शिवते म्हणून. रोज दुपारी आम्ही दोघं पाहतो. ती उशीला टेकून, मी तिच्या पायाशी. त्या वेळात आमच्या घरात कोणाला काही लपवावं लागत नाही.

लपवतो ते असं. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. ट्रक उभा राहायच्या आत त्याचं कोणतं चाक बसलं ते मी आवाजावरून सांगत आलो, त्याच कानांवर हे घर उभं राहिलं. पोळ्याच्या आधी डॉक्टरांनी योगेंद्रला दाराबाहेर नेऊन हळूच सांगितलं, "घर ले जाओ. दिवाली तक देखो." पोरगा आत आला तो हसत, म्हणाला, "बाबा, आता नुसता आराम सांगितला." त्याला वाटतं मला ठाऊक नाही. मी ठरवलं आहे की सुमित्राला ठाऊक नाही. जिजाबाई वाटीत कढी घेऊन येते आणि म्हणते, "दोन दिवसांत उठून बसता पाहा तुमी." आता तुम्ही 'धुरपता' ही माझी कथा काढून बघा, तीच, जी तुम्हाला सगळ्यांत आवडते. चहाची गाडी लावणारी धुरपता अंथरुणाला खिळते, जो येतो तो तिला "उद्या उठशील" म्हणून जातो, आणि ती तशीच मरते. अक्षरन् अक्षर तेच संवाद. मी जे मेहनतीने लिहिलं ते लोक माझ्या घरात येऊन फुकट बोलून जातात, आणि त्यांतला सगळ्यांत वाईट नट मी.

तर पुस्तक निघणार म्हणून ती म्हणाली, एकेक कथा वाचून दाखवा. वाचायला बसलो आणि ध्यानात आलं, माझ्या कथेत एकही बाई शेवटपर्यंत जगत नाही. दिवाळी अंकांना तेव्हा तेच लागायचं आणि मलाही मारायला सोपं जायचं. मग मी वाचता वाचता शेवट बदलू लागलो. विहिरीत पडलेली बाई काठावरच थांबली. बाळंतिणीने डिंकाचे लाडू खाल्ले. आणि त्या मावशीच्या दुकानातल्यासारखा शेवटी सगळ्यांना चहा. तेच मी तुम्हाला लिहून पाठवलं. परवा धुरपताची पाळी आली. तिला मी उठवून गच्चीवर आंब्याच्या फोडी वाळत घालायला पाठवलं. सुमित्रा डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "धुरपता त मेली होती न जी?" मी म्हटलं, पुस्तकासाठी सुधारली. "कायले? मरू द्या तिले. फक्त ते सारे तिच्यापाशी खोटं बोलून राह्यले न, ते नका ठेवू. एखाद्यानं त खरं सांगावं बिचारीले." मी म्हटलं, कार्टूनची वेळ झाली. झाली नव्हती. आम्ही बराच वेळ साबणाच्या जाहिराती पाहिल्या.

एवढंच. प्रकृतीस जपावे. वहिनींना नमस्कार.

आपला
तानबा

ता. क. येताना वर्धेहून गोरसपाक आणावा. सुमित्राला दुधात भिजवून तेवढंच बिस्किट जातं.

ता. क. दुसरा. "येताना" असं लिहिलं, पण तुम्हाला बोलावलंच नव्हतं. या. गुडघ्यांची शपथ घालून बोलावतो. ती तुम्हाला राखी बांधते, तुमच्या शब्दावर तिचा भरवसा आहे, आणि कठीण पाठ पोरांना समजेल असा सांगण्यात तुमचा जन्म गेला. ते खरं तुम्ही तिला सांगा. माझ्या तोंडून निघत नाही.

ता. क. तिसरा. वरचं वाक्य पुटपुटून संपलं नव्हतं तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "भाऊले काऊन तरास देता? त्याइचे गुडघे दुखून राह्यले. तुमीच या इकडं." स्वतःच्या कानांच्या बढाया मारता मारता मी विसरलो होतो की या घरात कान दोन माणसांना आहेत. गेलो. पायाशी नाही, उशाशी बसलो. शुद्ध भाषेत ते जमेना, म्हणून आपल्याच बोलीत सांगितलं, की डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणून राह्यले. तिने थोडा वेळ माझा हात हातात धरला. मग म्हणाली, "दिवाळी? मले त दसराच वाटत होता."

तेव्हा धुरपताला पहिल्यासारखी मरू द्या. तिला खरं सांगणारा एक माणूस मी त्यात घालून पाठवतो. निम्मे लोक मेला, तेही तसंच ठेवा, ती चूक सुमित्राने मागून घेतली आहे. आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीचा तिचा अंदाज आजवर चुकलेला नाही, म्हणून हात जोडून सांगतो, पुस्तक दिवाळीला नको. दसऱ्याच्या आत काढा.