चार समसमान पार्टिशने

३ तारीख, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. घरात संगणक एक. वापरणारे दोन: मी आणि सौ. हार्ड डिस्क एक हजार जीबी. तिच्यावर सौ.चा प्रबंध (ती शिकवते त्या शिशुवर्गातील मुलांची वाक्यरचना, नऊ वर्षांची ध्वनिमुद्रणे, जमा करण्याची मुदत २८) आणि माझा 'शुद्धसंज्ञा कोश' (बावीस वर्षे, सध्या 'ग'पर्यंत). सध्याची ऑपरेटिंग सिस्टीम गचाळ आहे. माझे वाक्य चालू असताना मधेच अपडेट मागते. वर्गात असे कोणी केले असते तर बाहेर उभा केला असता.
निर्णय: डिस्कचे विभाजन. सौ.ला जुनी सिस्टीम, मला नवी, शिस्तीची. सौ. म्हणाली, अहो, अठ्ठावीसपर्यंत थांबा की. थांबणे म्हणजे आळसच, फक्त इस्त्री केलेला, असे मी तिला समजावले. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. पटलेले दिसते.

४ तारीख
मेव्हणा आला. बोलावले नव्हते. याचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. मी त्याला मनातल्या मनात 'पानापक्कड' म्हणतो. (एकदा तोंडातून गेले. हसला. कातडी जाड.)
माझा आराखडा त्याला दाखवला. चार पार्टिशने, प्रत्येकी अडीचशे जीबी, एका मेगाबाइटचाही फरक नाही. क: जुनी सिस्टीम. ख: नवी सिस्टीम. ग: दोघांच्या फाइली. घ: त्याच फाइलींचा बॅकअप. पानापक्कड म्हणाला, भाऊजी, आकार वेगवेगळे ठेवा हो, इन्स्टॉल करताना तुमची ही नावं दिसणार नाहीत, ओळखणार कशी? आणि त्याच डिस्कवर कसला बॅकअप, घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच पिशवीत?
मी त्याचे शिक्षण विचारले. सहा महिन्यांचा कोर्स. विषय संपला.
निघताना म्हणाला, तुमचा कोश पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू का, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या कोशाला पानापक्कडचा हात! हात लावायचा नाही, असे स्पष्ट बजावले आणि त्याच्या देखत फोल्डरला पासवर्ड घातला. सोळा अक्षरी. निर्दोष.
सौ. त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली. मूठ वळलेली होती. भावाला गुपचूप काहीबाही देण्याची तिची जुनी सवय. मी मोठ्या मनाने काणाडोळा केला.

९ तारीख
विभाजन पूर्ण. स्क्रीनवर चार पट्ट्या, केसाचाही फरक नाही. डोळे भरून आले. सौ.ला बोलावून दाखवले. तिने विचारले, यातली माझी कुठली? अशा प्रश्नांमुळेच तिचा प्रबंध नऊ वर्षे रखडला.

१० तारीख
दुपारी २.००. नवी सिस्टीम इन्स्टॉल करण्यास प्रारंभ.
२.२५. स्क्रीनवर चार ओळी. नावे नाहीत. आकार चारही सारखे. समानता साधल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? 'ख' कोणती, एवढाच किरकोळ प्रश्न. तर्काने दुसरी.
२.४०. दुसरी फॉरमॅट केली. मशीनने विचारले, खात्री आहे का? गेल्या तीस वर्षांत मला हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती झालेली नाही.
३.१५. तपासले. रिकामे झाले ते 'ग'. म्हणजे मशीन उलटे मोजते. हरकत नाही, 'घ' आहे. बॅकअप असतो कशासाठी!
३.५०. उलट्या मोजणीने 'ख' तिसरी. फॉरमॅट केली.
४.२०. ती 'घ' होती.
४.३५. आता उरल्या दोन. एक जुनी सिस्टीम, एक मोकळी. शक्यता पन्नास टक्के. दिवसभरात इतकी अनुकूल परिस्थिती आली नव्हती.
४.५०. जुनी सिस्टीम गेली.
६.००. नवी सिस्टीम मात्र अप्रतिम बसली. कर्सर अतिशय शिस्तीत लुकलुकतो. उघडण्यासारखे काही नाही.

११ तारीख
सौ.ला सांगितले की नव्या व्यवस्थेत फाइली अजून स्थिरावत आहेत. म्हणाली, स्थिरावू देत.

१४ तारीख
सौ.ला पुनर्लेखनाचे फायदे सांगितले. भाषा कसदार होते. ध्वनिमुद्रणे म्हणजे शेवटी मुलांची बडबड. ती मुले आता मोठी झाली आहेत, तेव्हा काय म्हणायचे होते ते त्यांनाच नीट विचारता येईल. सौ. म्हणाली, असं होय, आणि गॅस बारीक केला. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते हसू नसणार.

१६ तारीख
कबुली दिली. कबुली नव्हे, निवेदन. उभे राहून, पंचवीस मिनिटे, मशीनचा दोष प्रथम.
सौ.ने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, माझं सगळं चार तारखेलाच दादाकडे गेलंय. रोज शाळा सुटली की त्याच्या दुकानात बसून लिहिते मी. निवेदन छान झालं हं तुमचं, पण मला चौदा तारखेचं जास्त आवडलं.
मग विचारले, आणि तुमचा कोश?
कोश माझ्या डोक्यात आहे, असे मी उत्तर दिले. पानापक्कड दारात उभा होता. म्हणाला, तिथे तरी पासवर्ड घालू नका, भाऊजी.
दोघे हसले. जोरात. बराच वेळ.

१७ तारीख
आठवून लिहिण्यास प्रारंभ. अक्षर 'अ'. सायंकाळपर्यंत चार नोंदी. तिसरी आणि चौथी एकच निघाली.

२८ तारीख
सौ.चा प्रबंध जमा. बांधीव प्रत टेबलावर. मी आजवर सात विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवले आहेत; लाल पेन घेऊन बसलो. दोनशे पाने झाली, पेन कोरडेच. पेन खराब असावे.
ऋणनिर्देश वाचला. तेवीस मुलांचे आभार. भावाचे आभार. बाइंडिंगवाल्याचे आभार. शाळेच्या शिपायाचे आभार, दार उशिरा बंद केल्याबद्दल.
दोनदा वाचला. मी नाही.

२९ तारीख, सकाळी ७.१०
सौ.च्या टेबलावर ठेवावयाच्या पत्राचा कच्चा मसुदा:
ऋणनिर्देशात पतीचा उल्लेख वगळला, त्याची कारणे द्यावीत. घरातील फाइली पतीस न कळवता घराबाहेर नेल्या, त्याचा खुलासा करावा. आणि ओघाने, विशेष महत्त्वाचे नाही: चार तारखेस ती प्रत घेताना 'कोश' नावाचे फोल्डर चुकून, अगदी चुकून, तिच्यात गेले काय? जुनी प्रत असली तरी हरकत नाही. 'अ'पुरती असली तरी चालेल. पासवर्ड मला पाठ आहे.
आठ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे.