चारांतलं एक चाक चौदाचं

१२ नोव्हेंबर, बुधवार
कारखान्याच्या वळणावर पुढचा डावा टायर गेला. उसाच्या ट्रॉलीतून पडलेला लोखंडी खुंटा. चूक माझी नाही. खुंटा रस्त्याच्या खाली होता हे खरं, पण रस्त्याखाली मी उगाच उतरलो नव्हतो, ट्रॉलीला जागा दिली.
टायर बाजूनं वीतभर फाटलाय. पंक्चरवाला मल्हार म्हणाला, मेजर, ह्याला ठिगळ न्हाई बसायचं, नवाच घ्या. आष्ट्यात फौजेतून रिटायर झालेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मी हवालदार होतो, पण लोकांचं मन कशाला मोडा? तेरा इंची टायर त्याच्याकडे नाही. सांगलीवरनं मागवतो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी येईल.
रविवारी तेवीसला मला पाचगणीला जायचंय. शिवतेजच्या शाळेत भेटीचा रविवार आहे, दहा ते चार. नातू दहा वर्षांचा, जूनपासून होस्टेलला. मुलगी संयोगिता आणि जावई मस्कतला. मागच्या भेटीला त्याच्याकडे कोणीच गेलं नाही. फोनवर विचारत होता, आजोबा, नक्की ना? म्हटलं, बरोबर दहाला गेटवर. फौजेत दहा म्हणजे नऊ पंचावन्न.
संकल्प : मल्हारच्या भरवशावर बसायचं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
स्टेपनी शोधली. ती पुतण्या पृथ्वीराजनं आठवड्यासाठी नेली होती. त्याला दोन वर्षं झाली. बदल्यात त्याच्या जुन्या गाडीचं एक चाक गोठ्यात ठेवून गेलाय. चौदा इंची, पण टायर जवळजवळ नवा. लावून बघितलं. चारही नट बसले! चार नट जुळले म्हणजे गाडीनं चाक पसंत केलं, विषय संपला.
मल्हार नेमका रस्त्यानं चालला होता. वाकून बघितलं आणि म्हणाला, मेजर, येक चाक थोरलं आन् तीन धाकली, आसं कुटं आस्तंय व्हय? त्याला सांगितलं, मी एकवीस वर्षं एमटीत होतो, म्हणजे लष्कराच्या गाड्यांच्या खात्यात. माझ्या सहीशिवाय एक टायर बाहेर गेला नाही. मान हलवत पुढं गेला.

१४ नोव्हेंबर
गाडी उजवीकडे ओढते. रस्त्याला उतार असावा.

१५ नोव्हेंबर
परत येतानाही उजवीकडेच ओढते. म्हणजे उताराचा प्रश्न नाही. विचार चालू आहे.
शेजारच्या भामावहिनी भाजी घेऊन आल्या. गाडीकडे बघून म्हणाल्या, आवं भावजी, गाडी लंगडतीया का काय? बायकांना यंत्रातलं काय कळतं? पण गाडी डावीकडून उचलल्यासारखी दिसते खरी. डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या अंगावर कललाय.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.
कारण सापडलं! डावी सीट रिकामी आहे. ही जाऊन दीड वर्ष झालं. इतकी वर्षं माझ्या शेजारी ही असायची, हिच्या मांडीवर पिशवी, पायाशी डबा. गाडीला त्या वजनाची सवय. आता सगळा भार माझ्या बाजूला, मग डावी बाजू वर उठणारच. चाकाचा काही संबंध नाही.

१७ नोव्हेंबर
चाळीस किलो गव्हाचं पोतं हिच्या सीटवर ठेवलं. ठेवल्याबरोबर गाडी टीं टीं करायला लागली, बेल्ट लावा म्हणून. दीड वर्षात त्या सीटसाठी पहिल्यांदाच वाजली. थोडा वेळ वाजू दिली. मग पोत्याला बेल्ट लावला.
गणपती थोडा सरळ झाला. निदान मला तसा दिसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पेठ नाक्यापर्यंत ट्रायल घेतली. उजवीकडे ओढ आहे, पण हातात जोर असला की काही नाही. खांदा दुखतो, तो थंडीनं.
नवीन गोष्ट : स्टेअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या चाकाजवळ घर्रर्र आवाज येतो आणि रबर जळल्याचा वास. उपाय सोपा आहे. स्टेअरिंग पूर्ण वळवायचं नाही.
येताना पोत्याला रस्त्याकडेचं नवीन हॉटेल दाखवलं. नंतर लक्षात आलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, हे बरं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मल्हारचे तीन मिसकॉल. टायर आला असणार. उचलला नाही. आता बदलला तर सगळा गाव म्हणेल, मल्हारचं खरं झालं.
संयोगिताचा फोन. आप्पा, भाड्याची गाडी करून देऊ का? नको म्हटलं. भामावहिनी म्हणाल्या, मग यष्टीनं जावा की, वाईतनं लय गाड्या हायत्या. एमटीचा माणूस एसटीनं गेला तर फौजेची काय अब्रू राहील?

२२ नोव्हेंबर, शनिवार
तयारी पूर्ण. भडंग दोन किलो, भामावहिनींच्या करंज्या, हिनं विणलेला स्वेटर. तो त्याला आता आखूड होईल, पण न्यायचा.
शिवतेजचा फोन. गेटजवळच्या बाकावर बसतो म्हणाला, म्हणजे लगेच दिसेन. आणि बाहेर फिरायला जाताना मी पुढच्या सीटवर बसू का? म्हटलं, सीट तुझीच आहे.
पोतं मागे टाकता येईल. शिवतेजचं वजन कितीसं असणार, पण चालेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहाटे ५.१५. निघालो.
९.१०. वाई. अगदी वेळेवर. मल्हारला फोन करून सांगावंसं वाटलं.
९.४०. पसरणी घाट. घाटात स्टेअरिंग पूर्ण वळवावं लागतं. ही गोष्ट राहून गेली होती. दुसऱ्याच वळणावर घर्रर्र, मग मोठा आवाज. चाक आतून घासून घासून टायर फाटला. मडगार्डही निखळलं.
१०.००. शाळेच्या ऑफिसला फोन. ट्रॅफिक आहे, सांगितलं.
११.३०. वाईचा मेकॅनिक जेजुरीला गेलाय. क्रेनवाला येतो म्हणाला. कधी, ते नाही म्हणाला.
१.००. भडंग खाल्लं. पोतं बेल्ट लावून शांत बसलंय. ही असती तर एव्हाना पदर खोचून रस्त्यात उभी राहून एसटीला हात केला असता, आणि मला दंडाला धरून चढवलं असतं. मी गाडी एकटी टाकून जाऊ शकत नाही. पोस्ट सोडायची नसते.
२.३०. शाळेला पुन्हा फोन. ट्रॅफिक अजून आहे, सांगितलं.
३.५०. क्रेन आली. तोवर माझ्यासमोरून सात एसट्या वर गेल्या. एकीच्या कंडक्टरनं तर विचारलं, यायचं का बाबा?
५.२०. शिवतेजला पाच मिनिटं फोन मिळाला. कुठं होता, विचारलं. पसरणी घाटात, म्हटलं. तो म्हणाला, आजोबा, ते तर इथंच खाली. एसटी शाळेच्या गेटसमोरच थांबते. मी बाकावरून बघत होतो, प्रत्येक एसटीतून कोण उतरतंय.
मग म्हणाला, असू दे, मी जेवलो. रडला नाही. त्यानं रडायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर
रात्री क्रेननं गाडीला आणि मला आष्ट्यापर्यंत आणलं. अंग दुखतंय. काही लिहायचं नाही.
एवढंच : एमटीत मी स्टोअरला होतो. टायर रजिस्टरवर चढवायचे आणि द्यायचे. गाडी दुसरे चालवायचे. हिला माहीत होतं. कधी कोणासमोर बोलली नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मल्हारनं तेराचा टायर बसवला. मला वाटलं, आता ऐकवणार. म्हणाला, नातू भेटला का, मेजर? मी न्हाई म्हटलं. त्यानं नट आवळले आणि चहा सांगितला.
पुढचा भेटीचा रविवार २८ डिसेंबर. स्टँडवर जाऊन वाईच्या गाडीची वेळ लिहून आणली. पहाटे साडेचार.
पोतं काढलं. गहू भामावहिनींबरोबर गिरणीत पाठवला. मग रिकामी गाडी घेऊन कारखान्यापर्यंत जाऊन आलो. जाताना स्टेअरिंगवरचा हात सोडून बघितला, येतानाही बघितला. गणपती ताठ बसला होता.
शेजारी कोणी नाही, तरी गाडी सरळ चालते.