पोचलो

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. गाद्या शिवायच्या कारखान्यात काम, तिसऱ्या मजल्यावर स्वतःची खोली. ताईला फोनवर सांगितलं, राजासारखा आहे. शेजारच्या मावशी आमच्याच कारखान्यात कापड कापतात. गल्ली चाकूवाल्यांची म्हणून बदनाम आहे म्हणे. बायका सुटल्यावर घोळक्यानं चालतात, आणि घरी पोचली की जी ती दारातून ओरडते, "पोचले गं." सगळ्यांचे आवाज आले की मगच मावशी कडी लावतात. मला हसूच आलं.

९ तारीख

माझ्या खोलीत आधी राहायचा तो कुठे गेला, विचारलं. मुकादम म्हणाला, गेला असेल दुसरीकडे. त्याच्या आधीचाही असाच गेला. चपला अजून पलंगाखाली पडल्यात. अनवाणी गेला का? बाई तासभर उशिरा आली तर अख्खी इमारत जिन्यात उभी राहते. पुरुष गेला तर गेला.

१४ तारीख

चार वाजता सुटलो. लख्ख ऊन. गल्लीत मागे पावलं. मी थांबलो की थांबतात. वळलो, कोणी नाही. मुकादमाला सांगितलं तर सगळ्यांपुढे म्हणतो, "मग उद्यापासून बायकांच्या मधे चाल, हात धरतील तुझा." सगळे खिदळले. डोकंच फिरलं माझं. भीती वाटायलाही यांची परवानगी?

१७ तारीख

रोज येतात पावलं. माझ्यासारखंच डावं पाऊल घासत. शेवटी लाज सोडून मावशींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तूही ओरडत जा. तुझा आवाज आल्याशिवाय मी कडी लावणार नाही."

१८ तारीख

ओरडलो, "पोचलो, मावशी." गाढ झोपलो.

२१ तारीख

जिन्यात बसून लिहितोय. वही खिशात होती. कुणाला तरी कळू दे —

आज पावलं मागून आली नाहीत. पुढे गेली. जिना चढली. मग वरून माझाच आवाज — "पोचलो, मावशी."

मावशींची कडी लागली.

दार बडवलं. आतून म्हणाल्या, तो तर मघाशीच आला, तू कोण? मी ओरडलो, मीच तो. खालची दारंही एकेक करून लागली —

माझ्या खोलीचं दार उघडतंय. माझ्या आवाजात विचारतंय, कोण आहे बाहेर?

मावशी त्याला सांगतायत, कोणी नाही रे बाळा, तू आत —

मावशी, मी अजून पोच