काळ्या चाकांचं वजन

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

आधी आली चंद्रभागा! पाहुण्यांच्याही आधी. दारात जीप थांबते न थांबते तोच शेजारीण हजर — "नवसाबाई, वाटीभर साखर आहे का?" साखरेचं नुसतं निमित्त. डोळे सगळे जीपकडं.

मग उतरले दीपक आणि त्याची आई चिमणाबाई. ठाण्याची माणसं. वणीला देवीचं दर्शन करून येताना प्रसाद द्यायला थांबली. मागच्या वर्षी चांदवडच्या घाटात सायकलची शर्यत झाली, तिथं माझ्या नातीची, दिशाची न त्याची ओळख. तोही सायकलवाला. आता मणक्यात गॅप निघाली, डॉक्टरांनी सायकल बंद केली.

चहा झाला. मग त्यानं जीपमधून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. दोन हातांवर, बाळंतिणीचं बाळ आणावं तसं! उघडलं तर सायकलची दोन चाकं. काळी कुळकुळीत. कार्बनची म्हणे. कंपनीनं परदेशी पाठवलं होतं तेव्हा घेतलेली.

"आजी, उचलून बघा."

उचललं. अगं बाई! हातात काही आहे असंच वाटेना!

"जोडी साठ हजार," दीपक म्हणाला. "नवी घ्याल तर लाखाच्या वर."

चिमणाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "लग्न कर म्हटलं की पैसे नाहीत म्हणायचा. न ही घेऊन आला! सून आणायची सोडून चाकं आणली, बाई!"

चंद्रभागा म्हणाली, "टायर?"

"टायर वेगळे, मावशी."

"म्हंजे साठ हजार नुसत्या रिंगांचे?" साखर न घेताच बसून राहिली.

चाकं ठेवून गेला. दिशानं चालवून बघावं, यंदाच्या दोन नोव्हेंबरच्या शर्यतीच्या आधी हो की नाही सांगावं. दिशा चाकावरून नुसता हात फिरवत होती. मला विचाराल तर — घ्यावीतच! पण मला विचारतं कोण.

१३ ऑक्टोबर, सोमवार

विचारलं! आज समाधानच म्हणाला, "आई, तुझ्या हाताला काय वाटतं? फरक किती?"

माझा लेक तो, त्याला माहीत आहे. नाशकात द्वारकेच्या चौकात तीस वर्षं भाजी विकली मी. तागडी होतीच, पण हात आधी सांगायचा. गिऱ्हाईक म्हणायचं मावशी मोजून द्या. मोजलं की तेवढंच भरायचं. एका मास्तरीणबाईनं तर पैज लावली होती, वांग्यांवर. हरली. मग कायमची गिऱ्हाईक झाली माझी, तिच्या मुलीच्या लग्नालाही बोलावलं होतं. जाऊ दे.

एका हातात जुनं चाक, एका हातात नवं. मग दुसरी जोडी. डोळे मिटले. म्हटलं, "दोन्ही चाकं मिळून फरक सातशे ग्रॅम. कोबीचा मध्यम गड्डा."

समाधान चारही चाकं घेऊन केरूच्या किराणा दुकानात गेला, काट्यावर ठेवायला. आला तो हसतच. सहाशे ऐंशी! वीस ग्रॅम चुकले. वयाचे.

शुभांगी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "साठ हजारांचा कोबी!" सूनबाई एरवी बोलत नाही. बोलली की असं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज घरात वाजलं. भांडण नाही, पण वाजलं.

समाधानकडं पैसे आहेत. नव्या टेम्पोसाठी जमवलेत. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू-शेवंती मार्केटला न्यायचा टेम्पो अगदी टेकीला आलाय, सकाळी ढकलून चालू करावा लागतो. तरी म्हणतो, "टेम्पो अजून वर्षभर ढकलू."

शुभांगी म्हणाली, "ढकलतं कोण? मी!"

दिशा म्हणाली, "पप्पा, राहू द्या." आणि आत गेली.

पोरीचं दुखणं मला माहीत आहे. मागच्या वर्षी अकरा सेकंदांनी हुकली ती. अकरा! पहिली येईल तिला पुण्याच्या क्लबात घेतात. राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांचं. दिशाला एकोणीस पुरी झालीत. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी वय बसत नाही. म्हणजे ही शेवटची.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

चाकं माझ्या पलंगावर. मी खाली चटईवर. फरशीवर चरा पडेल म्हणून!

१८ ऑक्टोबर, शनिवार

काय करून बसले मी!

आज दिशा चाकं बसवून पहिल्यांदा बाहेर काढणार. घरात नवी वस्तू आली, तशीच कशी जाऊ द्यायची? दसऱ्याला विळा-कोयता पुसतो तसं खोबरेल तेलानं छान पुसून घेतलं. कडेकडेनं, चकचकीत. वर कुंकवाचं बोट. काय दिसत होती! समाधानच्या लग्नात घोड्याला सजवलं होतं, त्याची आठवण झाली.

म्हसरूळच्या पुढं उतार आहे. तिथं हिनं ब्रेक दाबला. ब्रेकचं रबर त्या कडेलाच घासतं म्हणे — आणि कडेला माझं खोबरेल! सायकल थांबेना. नशीब, बाजूला कुणाचातरी मेथीचा वाफा होता. गेली त्यात. गुडघा सोलला, बाकी पोरगी धड, चाकंही धड. मेथीवाल्याला बापानं नुकसान भरून दिलं.

समाधान लालबुंद. "आजच्या आज परत देतो! जीव घ्यायची चाकं आहेत ही!"

 मी म्हटलं, "चाकांचा दोष नाही रे. तेल मी लावलं."

 आणि दिशा हसायला लागली! हसता हसता भिंतीला टेकली. "आजी, चाकांना पण चंपी?"

भांड्याच्या पावडरीनं मीच चाकं घासली. तीनदा. घासता घासता रडू आलं, आणि तेवढ्यात ठरवलं. मागचं पुढचं बोलत बसण्यात अर्थ नाही. घाटातच नेऊन बघायचं. वजन करून द्यावं तसं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज चांदवड! काय दिवस गेला!

टेम्पोत मागं दिशा, सायकल, चारही चाकं, मी पुढं समाधानजवळ. समाधान खाली घाटाच्या पायथ्याशी, मी वर वळणावर दगडावर, चंद्रभागेच्या नातवाचं सेकंद मोजायचं टिकटिक घड्याळ हातात. समाधाननं मोबाइलवर "सुटली!" म्हणायचं की मी दाबायचं. कांद्याच्या ट्रकवाले मला बघून हॉर्न देत होते. मीही हात केला. का नाही करायचा?

आधी जुनी चाकं. मग नवी. मध्ये अर्धा तास आराम. नव्या चाकांवर सहा सेकंद कमी. सहाच! पण ती वर येताना बघायला हवी होती — काय ते फिरणं, आवाज कसा, मोठा भुंगा यावा तसा घूंऽऽ!

वर आल्यावर पाणी पिताना तिनं सीटखालची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. हात खाली गेला माझा.

"अगं, यात काय?"

"आईनं दिलंय."

उघडलं. लोखंडी पंप. दोन ट्यूब. पाना. तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. आणि कुलूप! साखळीसकट! शुभांगीला वाटतं, शर्यत संपल्यावर पोरगी पाणी प्यायला गेली आणि कुणी सायकल नेली तर? वर दोन बाटल्या काठोकाठ. मागच्या वर्षीही हेच सगळं घेऊन चढली होती, बोलली नाही कुणाला. आईनं भरून दिलेलं, कसं काढायचं!

मी हातात धरलं, डोळे मिटले. दोन किलोच्या वर. तीन कोबी!

"उतर खाली," म्हटलं. "जुनी चाकं लाव. पिशवी राहू दे माझ्यापाशी. बाटली एक, तीही अर्धी."

पाय दमलेले असून पहिल्या फेरीपेक्षा चौदा सेकंद कमी! चौदा! मी दगडावरून उठून नाचलेच. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू केली, त्याला वाटलं आजीला काही झालं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

समाधान म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं. दोन्ही केलं तर वीस सेकंद. घेऊ का?"

मला ती चाकं फार आवडलीत. खरं सांगते, माझी असती तर भिंतीला टांगली असती. पण म्हटलं, "नको. चौदा फुकट मिळतायत. वरच्या सहासाठी नवा टेम्पो घालवू नको."

दिशानं मान हलवली. दीपकला फोन केला. म्हणाला ठीक आहे, शर्यतीनंतर येऊन नेतो. शुभांगी पिशवीतून कुलूप काढत होती. काढलं, परत घातलं, परत काढलं. डोळ्यांत पाणी. "माझ्यामुळं हरली का हो ती मागच्या वर्षी?" मी म्हटलं लाडू छान होते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. झेंडू सगळा गेला. हात पिवळे.

२ नोव्हेंबर, रविवार

दुसरी.

दोन सेकंदांनी. फक्त दोन.

पहिली आलेल्या पोरीच्या सायकलला काळी चाकं होती. मी मोजलं नाही काही, पण हिशोब डोक्यातून जातच नाही. सहातून दोन. मी हो म्हटलं असतं तर! माझ्या एका शब्दानं पोरीचं पुणं गेलं. समाधान सायकल टेम्पोत चढवत राहिला.  दिशा उलट माझ्याच गळ्यात पडली, "आजी, माझा आजवरचा सगळ्यात चांगला टाइम आहे!" घामानं चिंब. मी म्हटलं हो गं राणी. आणि तोंड फिरवलं.

जेवले नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दीपक आला चाकं न्यायला. बरोबर पुण्याच्या क्लबाचे पुंजाराम सर! चंद्रभागा त्यांच्या मागोमाग. सरांनी दिशाची सायकल उचलली, खाली ठेवली, साधी चाकं फिरवून बघितली. म्हणाले, "पोरी, ह्या साध्या चाकांवर फक्त दोन सेकंद मागं? मी एक नाही, दोन मुली नेतोय."

येत्या शनिवारी, आठ तारखेला, सकाळी दहाला येतो म्हणाले. दिशाला घेऊन जायला.