जुन्या रोख्याचा भाव

३ मार्च, सोमवार
दुधनी शाखेतून हेड ऑफिसला परत. दोन वर्षं चार महिने. पुन्हा गुंतवणूक विभाग, तीच खुर्ची. मला तिकडे पाठवणारा देसाई आता स्टेशनजवळच्या दुसऱ्या बँकेत साहेब आहे, रोखेच बघतो. बरं झालं. गाव सोडून गेला असता तर अवघड होतं.

५ मार्च
जुनी फाइल काढली. नवा सरकारी रोखा निघाला की सगळे त्याच्यामागे. जुन्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो स्वस्त, परतावा जरा जास्त. दे.चं डोकं: नवा विकायचा, जुना घ्यायचा, दोघांच्या भावातला फरक मिटला की कमाई. फरक मिटला नाही, वाढला. डील स्लिपवर सही माझी. "शबाना, तू कर, मी बाहेर आहे." बाहेर म्हणजे कँटीनमध्ये. चौकशीत म्हणाला, हिने मला विचारलंच नाही. मग मी दुधनीला.

१२ मार्च
ब्रोकरकडून कळलं, दे.ने तिकडे परत तोच खेळ केलाय. फरक परत वाढलाय. रोजा असून दिवसभर भूक लागली नाही.
अम्मी : "रोजे में दिल साफ रखना, बेटी."
म्हटलं, ईद के बाद रखती.

२० मार्च
मार्चएंडला दे.च्या बँकेला रोकड हवी, जुना रोखा विकायला काढलाय. लॉट लहान, मुंबईवाले बघत नाहीत. गावात घेणारे आम्हीच. आणि भाव ठरवायचा मी. तीनदा निरोप आला, तीनदा 'सांगते' म्हटलं. बसू दे फोनकडे बघत. मीही बसले होते चौकशीच्या खोलीबाहेर, पाच तास.

२५ मार्च
पडेल भाव काढून ठेवला होता. आज फोनवर नवीन मुलगी, सुवर्णा, कुंभारीची. म्हटलं, साहेबांना द्या.
"सर बाहेर हायत, मॅडम."
मागे दे.चा तोच जुना खोकला.
खरेदीच्या स्लिपवर सही कुणाची?
"माझीच की. सर म्हणाले, तू कर."
भाव उद्या अकराला कळवते म्हटलं.

२६ मार्च
पडेल भाव दिला तर मरते ती पोरगी. नीट भाव दिला तर दे. सुटतो, वर शाबासकी घेतो. आणि मला तो बुडालेला बघायचाय. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू.
अकराला फोन आला. म्हटलं, सुवर्णा, विक्रीच्या स्लिपवर तू सही करू नकोस. सर बाहेर असतील तर मी रिक्षाने येते, दहा मिनिटांत. भाव त्यांच्या तोंडावर सांगेन. सही त्यांनी माझ्यासमोर करायची. खरेदीची स्लिपही काढून ठेव, तिच्यावरही त्यांची सही हवी.
फोन स्पीकरवर असावा. खोकला थांबला. मग त्याचा आवाज, अगदी बारीक :
"कोण, शबाना?"
भाव अजून सांगितलेला नाही. खाली रिक्षा उभी आहे.