रसेलच्या नाकावर टिच्चून

४ नोव्हेंबर
ठरलं. या जानेवारीत मरे नदीकाठच्या कॅराव्हान पार्कमध्ये पाऊल टाकायचं ते नवा एसी घेऊनच. गेल्या जानेवारीत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ऐन उन्हाळ्यात, आमच्या व्हॅनचा जुना एसी धापा टाकत मेला. शेजारच्या जागेवरचा रसेल लगेच स्वतःचा टेबलफॅन घेऊन हजर. संध्याकाळी सगळे सॉसेज भाजत असताना मोठ्यानं म्हणाला, लिंडसे, पंखा राहू दे तुझ्याकडेच, पुढं म्हातारपणी उपयोगी पडेल. सगळे हसले. नोलीनही हसली. मी पंखा वापरला, पण एक नंबरवरच.

९ नोव्हेंबर
नोलीनचं म्हणणं, पलंगाखाली बसणारा एसी घेऊ. आपली व्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, पॉप-टॉप, मुक्कामाला पोचलं की छप्पर वर ढकलायचं, निघताना खाली ओढायचं. मग त्या छपरावर ओझं कशाला, म्हणते.
तिला बायको म्हणून मान आहे. पण पलंगाखालचा एसी रसेलला दिसणार कसा? सूड काय चादर वर करून दाखवायचा?

१२ नोव्हेंबर
दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी पॉप-टॉपसाठी म्हणून एक हलकं, बुटकं मॉडेल पुढं केलं. मी मोठ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, छान आहे, पण पक्क्या छपराच्या व्हॅनसाठी; तुमचं छप्पर हे घेऊन उठायचं नाही. मी आयुष्यभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. भित्र्या माणसांना मी लांबून ओळखतो.
मोठं घेतलं. दुसरीकडून बसवून घेतलं, कारण बाई बसवून द्यायला तयार होईनात.

३० नोव्हेंबर
भव्य दिसतं. रस्त्यावरून जाणारा कुत्रासुद्धा थांबून बघतो.
छप्पर उचलून पाहिलं नाही. कंबर धरली आहे, एसीशी संबंध नाही.

७ डिसेंबर
छप्पर उचललं. म्हणजे पुढची बाजू उचलली. मागची नंतर.
नोलीन दारात चहा घेऊन उभी. म्हणाली, अरे, रागानं छप्पर उठत असतं तर तू एव्हाना उडाला असतास.

१६ डिसेंबर
तोडगा निघाला. छपराला वर ढकलणाऱ्या स्प्रिंगा बदलून दणकट बसवल्या. आता उचलणं सोपं. खाली ओढताना मात्र मी पट्ट्याला लोंबकळतो आणि नोलीन माझ्या पायाला. व्यायाम होतो.
रसेल आत येऊन आधी गप्प होईल, मग विचारेल, कुठून घेतलास रे? मी म्हणणार, का, पंखा बिघडला वाटतं? वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी हसायचं नाही. भुवई फक्त.

११ जानेवारी, पार्कमध्ये
पोचलो. रसेल खुर्ची टाकून बसलेला. यंत्राकडे बघून म्हणाला, अरे वा लिंडसे, फ्रीज छपरावर ठेवलास?
आजचा दिवस मोजायचा नाही.
रसेल बारीक झालाय. नोलीननं चौकशी केली. हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणे. बायको गेल्यापासून एकटाच असतो, कोणाला कळवलंही नाही. तब्येतीचं वाईट वाटलं. सुडाचा विषय वेगळा.

१३ जानेवारी
एसी उत्तम. नोलीन शाल घेऊन बसते. उचललेल्या छपराखालच्या कॅनव्हासच्या फटींतून गारवा बाहेर जातो ही तिची तक्रार. मुद्दाम त्याच बाजूला रसेलनं खुर्ची टाकलीय. आणि तो त्या फटीसमोर आरामात पेपर वाचतो. उद्या फट बुजवणार.
मागच्या कोपऱ्यातला छपराचा आधार किंचित वाकलाय. नवीन वस्तू जागा घेते, तसं.

१५ जानेवारी, संध्याकाळ. अक्षराला नावं ठेवू नयेत
आज उन्हानं कहर केला. पक्षी झाडाखाली चोच उघडून बसलेले. जेवणानंतर रसेलच्या व्हॅनमधून खरखर ऐकू आली आणि बंद झाली. त्याचा एसी गेला. मी खुर्चीत सावरून बसलो. वर्षभर याच क्षणाची वाट पाहिली होती. तो पायरीवर आला, चेहरा राखेसारखा. मी भुवई तयार केली.
नोलीननं मला बाजूला सारून त्याला आत नेलं आणि आमच्या पलंगावर, थेट गार झोताखाली झोपवलं. पार्कच्या ऑफिसात जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थंड जागेत पडू द्या, मी येतोच. वाक्य म्हणायची वेळ नव्हती.
तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात कडकन आवाज. वाकलेला आधार तुटला. एसीसकट छप्पर तिरकं होऊन पलंगाच्या बाजूला खचायला लागलं. मी धावत बाहेर गेलो, व्हॅनपुढच्या मांडवाचा खांब काढून छपराखाली लावला. खाली वाळू. खांब सोडला की रुततो. म्हणून सोडला नाही.
उन्हात उभा होतो. यंत्राची गरम हवा माझ्याच डोक्यावर. नोलीन खिडकीतून मला पाणी पाजत होती. मध्येच म्हणाली, झोप लागली रे त्याला, आत अगदी गार आहे. मी म्हटलं, एसी बंद करू नकोस.
डॉक्टर येऊन तपासून गेले. उन्हाचा त्रास, धोका टळला. जाताना त्यांनी पार्कवाल्यांना पाठवलं, त्यांनी खांबाखाली फळी घातली. माझी बोटं खांबावरून सुटेनात.
रसेल उठला, बाहेर आला. म्हणाला, लिंडसे, बस रे आता. माझी खुर्ची घे.
बसलो.

१८ जानेवारी
आमचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत हे ओझं उतरवायलाच हवं, असं मेकॅनिक म्हणाला. रसेलचं छप्पर पक्कं. यंत्र त्याच्या व्हॅनवर, बंद पडलेल्या एसीच्या जागी बसवलं. फिट बसलं, तिथलंच असल्यासारखं. दुपारी आम्ही दोघं त्याच्याकडे पत्ते खेळायला जातो. जिंकतो तोच.
आज पलीकडच्या ओळीतलं एक जोडपं बघायला आलं. म्हणालं, रसेल, काय मस्त एसी निवडलास.
रसेल म्हणाला, निवड लिंडसेची आहे.
हे त्यानं चारचौघांत कबूल केलं. सूड पूर्ण झाला.
पलंगाखालच्या मॉडेलचं माहितीपत्रक नोलीननं मागवलंय. मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. ती वाचून दाखवणार आहे.