दोन गुरूंचा शेवटचा प्रसंग

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि तितकीच कुरकुर.

चित्रपटाचा शेवट लिहिताना माझ्या नाकी नऊ आले आहेत. एक कर्मठ म्हातारा धर्मगुरू आणि एक सुधारक, जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारे, शेवटी एकमेकांना समजून घेतात. कसे, ते कुणालाच सुचत नाही. दिग्दर्शक म्हणतात, मिठी मारू दे. सहा खर्डे फाडले, सातवा सोबत पाठवते आहे. बाबांनाही पाठवला. घरात दोन प्रवचनकार असताना बाहेर कुणाला विचारू?

तू बायकांना प्रवचनाच्या चौथऱ्यावर बसवलंस, तेव्हापासून सात वर्षं तुम्ही दोघं बोलत नाही. तुमचे निरोप पोचवून मला वीट आला आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी बाबांचं शेवटचं प्रवचन. तू येणार नाहीस, असं ते सगळ्यांना आधीच सांगत सुटलेत. ये रे बाबा.

कळावे, लोभ असेल तर उत्तर लवकर धाडावे.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

खर्डा वाचून डोकं फिरलं. तुझा म्हातारा नुसता हेका धरतो. बाबा असे बोलतील का? ते म्हणतील, चौथरा हा मान नाही, ओझं आहे. शेकडो लोकांची दुःखं रोज घरी न्यावी लागतात. त्या ओझ्याखाली त्यांनी आईला झिजताना पाहिलं, दुसऱ्या बाईवर ते कसं टाकणार? एवढं तरी लिही त्याच्या तोंडी.

रविवारचं विचारू नकोस. बोलावणं त्यांनी करायचं, तू नाही.

रागावलेला,
धाकटा

९ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा सुधारक बावळट आहे, नुसता ओरडतो. आपला चिरंजीव ओरडला नव्हता. त्याने विचारलं होतं, आई मागच्या दाराशी स्टुलावर बसून बायकांची दुःखं ऐकायचीच, मग ओझं तिचं आणि चौथरा फक्त तुमचा, हे कसं? मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी उठून गेलो. हे त्याला कळवायचं नाही.

तब्येतीस जपावे.
बाबा

१२ मार्च

ती. बाबा आणि चि. धाकटा, दोघांसही,

माझा प्रसंग लिहून झाला. मिठी नाही. दोघे एकमेकांची बाजू मांडतात, आणि ती स्वतःच्या बाजूपेक्षा चांगली मांडतात.

बाबांचं पत्र धाकट्याला आणि धाकट्याचं बाबांना पाठवते आहे. कळवू नको म्हटलं होतं, तरीही. मला काय बोलायचं ते बोला, पण आता एकमेकांशीही बोला. मी थकले.

ताई

१६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सात वर्षांनी हा मायना लिहितो आहे. तुमचं पत्र वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही. माझं म्हणणं इतकं नीट कळलं होतं, तर इतकी वर्षं गप्प का बसलात? आणि तुम्ही उठून गेलात तेव्हा मी तुमच्या मागे का आलो नाही, याचा स्वतःवरही राग आहे.

माझं मत बदललेलं नाही. रविवारी येतो. मागच्या दाराशी आईचं स्टूल अजून असेल, तर तिथे बसेन.

आपला,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

स्टूल मागच्या दाराशी नाही. काल ते मी चौथऱ्यावर माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं. माझं मत बदललं, असा अर्थ काढू नकोस.

वेळेवर ये. तुला नेहमी उशीर होतो.
बाबा